वाचकांचे प्रश्न : गल्ल्यावरचे बोलणे आणि मोबाइलवरचे बोलणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाची होती. घरगुती किंवा छोटा व्यवसाय करणाऱ्याने व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचा उपयोग कसा करावा, आणि मुळात करावा का, हा तो विषय. त्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या जाऊबाई आणि मी मिळून गेली चार वर्षे कोकम आगळ, आमसुले, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ तयार करून विकतो. प्रदर्शनात आमचा माल दोन दिवसांत संपतो, परंतु व्हॉट्सॲपवर काहीच हालत नाही. मुलाने सुंदर रंगीत चित्रे करून दिली आहेत आणि त्यांवर ‘शंभर टक्के शुद्ध, घरगुती चव, आजच मागवा’ असे लिहिले आहे. ती मी रोज सकाळी सुमारे तीस ग्रुपवर पाठवते. गेल्या महिन्यात माहेरच्या गावाच्या ग्रुपमधून मला काढून टाकण्यात आले. त्या ग्रुपची ॲडमिन माझी सख्खी मावशी आहे. माझे काय चुकते? (चिपळूण)

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तराचा निम्मा भाग आहे. प्रदर्शनात तुमचा माल दोन दिवसांत संपतो तो टेबलामागे लावलेल्या फलकामुळे नव्हे. कोणी तरी बाटली उचलून विचारते, ‘हे आगळ म्हणजे सरबतच ना?’ आणि तुम्ही हातातले काम ठेवून सांगता, की नाही, यात मीठ आहे, हे सोलकढीचे. शेजारी उभी असलेली दुसरी बाई ते ऐकते, आपल्या सासूबाई सोलकढी कशी करत असत ते सांगते, आणि जाताना दोन बाटल्या घेऊन जाते. हेच बोलणे तुम्ही फोनवर आलात की बंद होते आणि त्याच्या जागी फलक बोलू लागतो. ‘शंभर टक्के शुद्ध’ असे आपल्या मावशीला तोंडावर कोणी म्हणत नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी तेच तिला चित्रातून म्हणत होता.

म्हणून पहिले काम असे करा, की आठवडाभर एक साधी वही जवळ ठेवा आणि ग्राहकांनी प्रत्यक्षात किंवा फोनवर विचारलेले प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत, तिच्यात लिहा. आगळ उघडल्यावर किती दिवस टिकते, आमसुले पाण्यात किती वेळ भिजवावीत, कुळथाचे पिठले करताना पिठाच्या गुठळ्या का होतात, बिया फेकता की विकता, असे प्रश्न तुम्हाला नक्की येत असणार. एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे एका दिवसाचा मजकूर. बियांच्या प्रश्नावर तर तुम्ही कोकमतेलाबद्दल आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांबद्दल इतके सांगू शकाल, की वाचणाऱ्याला आपली आजी आठवेल.

नमुना म्हणून एक मजकूर लिहून दाखवतो. ‘काल डोंबिवलीहून एका ताईंचा फोन आला. त्यांनी आमच्या आगळाचे सरबत केले आणि ते खारट झाले. चूक आमची, कारण बाटलीवर आम्ही ते नीट लिहिले नव्हते. आगळात मीठ असते, साखर नसते. ते सोलकढीसाठी आणि आमटीसाठी. सरबताचे कोकम साखरेच्या पाकातले असते आणि ते आम्ही वेगळ्या बाटलीत भरतो. एक विचारायचे होते, तुमच्या घरी सोलकढीत लसूण घालतात की नाही?’ या मजकुरात ‘मागवा’ हा शब्द कोठेही नाही, पण लसणीचा प्रश्न असा आहे की कोकणातले कोणतेही घर त्यावर गप्प बसणार नाही. अर्थात घडलेली गोष्टच सांगायची. डोंबिवलीच्या ताई खरोखर असल्या पाहिजेत. आणि शेवटी प्रश्न विचारायचा तो त्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे असेल तरच विचारा. आलेल्या प्रत्येक उत्तराला तुमचे काही तरी उत्तर गेले पाहिजे. ते जमणार नसेल, तर त्या दिवशी प्रश्न विचारू नका.

तुमच्या धंद्याला ऋतू आहे, ही तर मोठीच सोय आहे. एप्रिल-मे महिन्यांत फळ हाती येते आणि पावसाच्या आत ते वाळवायचे असते, ही धावपळ मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला ठाऊक नसते. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि कोकणात तर त्याच्याही आधीपासून सरी कोसळत होत्या. त्या आठवड्यात अंगणातल्या वाळवणाचे काय झाले, ते एका साध्या छायाचित्रासह सांगितले असते, तर पुढे आमसुलांचा भाव वाढवताना तुम्हाला खुलासा करावा लागला नसता. मुलाने केलेल्या रंगीत चित्रांपेक्षा तुमच्या ओल्या अंगणाचे छायाचित्र अधिक वाचले जाईल. मुलाला वाईट वाटणार नाही अशा रीतीने हे त्याला सांगावे.

आता तीस ग्रुपांविषयी. पुढे पाठवलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी जावा, ही मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात २०१८ साली घातली, आणि वारंवार फिरलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे तुम्ही रोज सकाळी जे कष्ट करत होता ते होऊ नयेत, अशीच यंत्रणेची रचना आहे. याउलट ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पोचवणारी यादी, पाहा. तिच्यात २५६ जणांना घेता येते, परंतु ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. स्टेटसचेही तसेच आहे. अनोळखी तीस ग्रुपांतल्या हजारो लोकांपेक्षा ज्यांनी तुमचे नाव आपल्या फोनमध्ये लिहून ठेवले आहे असे दीडशे जण तुमच्या कामाचे आहेत. म्हणून प्रदर्शनात माल देताना पिशवीवर केवळ क्रमांक छापून थांबू नका. ‘आगळ संपले की मला कळवता येईल, एवढ्यासाठी नंबर सेव्ह करून ठेवा’, असे तोंडाने सांगा आणि तो सेव्ह होईपर्यंत समोर उभ्या राहा.

ग्रुपमध्ये राहायचे असेल तर तेथे सदस्य म्हणून राहा. कोणाच्या घरी बारसे असेल तर अभिनंदन करा, कोणी ‘चांगले कोकम कोठे मिळेल’ असे विचारले तर उत्तर द्या, आणि स्वतःहून मालाविषयी लिहायचे असेल तर ॲडमिनला आधी विचारा. बऱ्याच सोसायट्यांनी विक्रीच्या संदेशांसाठी आठवड्यातला एखादा वार ठरवलेला असतो, तो पाळावा. नको असलेल्या संदेशांबद्दल अनेकांनी तक्रार केली, तर क्रमांकच बंद होऊ शकतो, आणि ज्याचा सगळा धंदा एका क्रमांकावर आहे त्याने तो धोका पत्करू नये.

जाता जाता आणखी एक. कोकमाने चरबी वितळते, कुळथाने मुतखडा पडतो, अशी वाक्ये बोलण्याच्या ओघात सहज लिहिली जातात. अन्नपदार्थ एखादा आजार बरा करतो असा दावा करण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी बंदी आहे, आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूरही जाहिरातच ठरतो. ग्राहक स्वतः तसे म्हणाला तरी ते वाक्य तुमच्या नावाने पुढे पाठवू नका. आजार सांगण्याऐवजी वेष्टनावरचा १४ अंकी परवाना क्रमांक दाखवा. त्यावर लोकांचा विश्वास बसतो.

मावशींना फोन जरूर करा. ग्रुपमध्ये परत घ्या, असे मात्र सांगू नका.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला बनवतात. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटलीतील कंपनीच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्या चपला दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला, तेव्हा माझ्या इन्स्टाग्रामवर रोज शंभर-शंभर लोक येऊ लागले. बहुतेकांचा प्रश्न एकच, ‘किंमत किती?’ मी सर्वांना ‘डीएम करा’, म्हणजे खासगी संदेश पाठवा, असे उत्तर दिले. थोड्या जणांनी केला, त्यातल्याही बहुतेकांनी किंमत ऐकून पुढे काही लिहिले नाही. आता सगळे पुन्हा थंड आहे. त्या लोकांना परत कसे आणावे? (कोल्हापूर)

उत्तर : ते लोक परत येणार नाहीत, आणि त्याचे फार दुःख करू नये. ते चपलेसाठी आले नव्हते. मिलानच्या त्या मंचावर आपली चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली गेली, याचा राग घेऊन ते आले होते, आणि तो राग योग्यच होता. पुढे कंपनीने या चपलेचे मूळ भारतीय असल्याचे मान्यही केले. पण रागाने आलेला माणूस राग शमला की जातो. त्या गर्दीत पंधरा-वीस जण खरे गिऱ्हाईक होते, आणि माझ्या मते त्यांना तुम्ही ‘डीएम करा’ या दोन शब्दांनी घालवले.

दुकानात येऊन ‘हा जोड केवढ्याला?’ असे विचारणाऱ्याला तुमचे आजोबा ‘आधी मागच्या खोलीत चला, मग सांगतो’ असे म्हणाले असते का? उघड विचारलेल्या किमतीचे उत्तर उघड न देणारा विक्रेता माणूस पाहून भाव करतो, असा संशय येतो. तो संशय तुमच्या बाबतीत खरा नसेलही, परंतु वाचणाऱ्याला ते कसे कळावे? किंमत प्रत्येक छायाचित्राखाली लिहा. ती जास्त वाटेल याची भीती असेल, तर जास्त का आहे हेच तुमच्या संभाषणाचे खरे भांडवल आहे.

रस्त्यावर तीनशे रुपयांना मिळणारी आणि कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल आणि तुमची चप्पल यांत काय फरक आहे, हे शहरातल्या ग्राहकाला खरोखर ठाऊक नसते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळा न वापरता कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, वेणी विणायला लागणारा वेळ, आणि हे काम घरात कोण करते, यांतली एकेक गोष्ट वेगवेगळ्या दिवशी दाखवा. बहुतेक घरांत वेणीचे नाजूक काम बायका करतात आणि छायाचित्रात मात्र पुरुष दिसतो, तेवढे तुमच्याकडे होऊ देऊ नका. चित्रफितीला सिनेमाचे गाणे लावू नका. हातोडीचा ठोका आणि चालताना होणारा करकर आवाज हेच तुमचे संगीत आहे. ते ऐकण्यासाठी लोक थांबतात.

चप्पल हा मापाचा माल असल्यामुळे बोलण्याशिवाय तुमची विक्री होऊच शकत नाही, आणि या अडचणीचाच फायदा करून घेता येतो. ग्राहकाला कोऱ्या कागदावर उभे राहून पायाची बाह्यरेषा काढायला सांगा, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहायला सांगा आणि त्याचे छायाचित्र मागवा. मग विचारा, की ऑफिसला घालणार की लग्नात, पाय रुंद आहे का, याआधी कोल्हापुरी घातली होती का. पहिल्यांदाच घालणाऱ्याला स्पष्ट सांगा, की नवी चप्पल चार-आठ दिवस चावेल, तेलाचा हात द्यावा लागेल आणि पावसात ती घालता येणार नाही. हे सांगितल्यामुळे एखादे गिऱ्हाईक जाईल, पण जे राहील ते चप्पल चावली म्हणून तुम्हाला शिव्या देणार नाही. माल पोचल्यावर आठव्या दिवशी ‘चप्पल बसली का पायाला?’ एवढे एक वाक्य पाठवा. पाडव्याचे फुलांचे चित्र पाठवण्यापेक्षा ते फार मोलाचे आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशात बनलेल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळाले, आणि ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबरच कर्नाटकातील बेळगावी, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर या जिल्ह्यांनाही आहे. ही माहिती सांगताना सीमेचा वाद तुमच्या पानावर येईल. त्यात पडू नका. कातडे कमावणाऱ्याला आणि वादी ओढणाऱ्याला दोन्हीकडे सारखेच कष्ट आहेत, असे एकदा लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तर तसे लिहा; नसेल तर ती आधी करून घ्या.

प्रश्न : माझे शोभेच्या वस्तूंचे दुकान आहे. भाचा म्हणतो, की थोडे पैसे टाकून दहा हजार फॉलोअर घेऊ, मित्रांकडून पन्नास चांगले अभिप्राय लिहून घेऊ, आणि शहरातल्या लोकांच्या क्रमांकांची एक यादी विकत मिळते तीही घेऊ. सगळेच असे करतात, हे खरे आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सगळे करत नाहीत, बरेच जण करतात आणि पस्तावतात. विकतचे दहा हजार फॉलोअर म्हणजे दुकानात गर्दी दिसावी म्हणून उभे केलेले पुतळे. ते काही विकत घेत नाहीत, बोलत तर नाहीतच, आणि दहा हजारांच्या पानावर चारच जणांनी काही लिहिलेले पाहून खरा ग्राहकही परत फिरतो.

खोट्या अभिप्रायांची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखाली २०२२ साली निघालेली फसव्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार प्रशस्ती ही प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली, प्रामाणिक असावी लागते. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानकही काढले. क्रमांकांच्या यादीबद्दल एवढेच म्हणतो, की ज्याने आपला क्रमांक तुम्हाला दिलेला नाही त्याच्या घरात तुम्ही न विचारता शिरत आहात, आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. भाच्याला दुसरे काम द्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वस्तू घरी कोठे ठेवणार, हे त्याने विचारावे, आणि ज्यांची हरकत नसेल त्यांच्याकडून घरी ठेवलेल्या वस्तूचे छायाचित्र मागवावे.

‘लाइक करा, पाच मित्रांना टॅग करा आणि बक्षीस जिंका’ हा प्रकारही त्याला सुचेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. अशी आर्जवे करणाऱ्या मजकुराला मागे ढकलण्याचे धोरण फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलेले आहे.

प्रश्न : माझे मिसळीचे छोटे हॉटेल आहे. एका रविवारी सिलिंडर संपला, नवा लावेपर्यंत एका टेबलावर रस्सा कोमट गेला. त्या ग्राहकाने गूगलवर ‘थंड मिसळ, उर्मट मालक’ असे लिहून एक तारा दिला. मी रागाच्या भरात ‘तुमच्यासारख्यांना मिसळ कळत नाही, पुन्हा येऊ नका’ असे उत्तर लिहिले. त्याचे छायाचित्र गावभर फिरले आणि कधी हॉटेलात न आलेल्या अकरा जणांनीही एकेक तारा दिला. माझे मित्र पाच-पाच तारे देऊन हे भरून काढू म्हणतात. (नाशिक)

उत्तर : मित्रांना थांबवा. त्याचे कारण मागच्या उत्तरात आलेच आहे, आणि एका दिवसात उगवलेले चाळीस पंचतारांकित अभिप्राय पाहून लोकांना तुमच्या पहिल्या उत्तरापेक्षाही जास्त हसू येईल.

पुण्याच्या पाट्यांनी आपल्याकडच्या दुकानदारांचे एक नुकसान केले आहे, असे मला कधी कधी वाटते. तिखट बोलणे म्हणजे बाणेदारपणा, अशी समजूत झाली आहे. पण पाटीवरचा तिखटपणा वाचणारा हसून घेतो, कारण तो कोणा एकाला उद्देशून लिहिलेला नसतो. तुमचे वाक्य एका माणसाला उद्देशून होते, तो माणूस पैसे देऊन कोमट रस्सा खाऊन गेला होता, आणि त्याचे म्हणणे खरे होते.

गूगलवर मालकाला अभिप्राय काढून टाकता येत नाही, परंतु स्वतःचे उत्तर बदलता येते. ते बदला, आणि बदलले आहे हे लपवू नका. असे काही लिहिता येईल : ‘या जागी मी आधी रागाने लिहिले होते, ते चुकीचे होते आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. त्या रविवारी सिलिंडर बदलताना आपल्या टेबलावर रस्सा कोमट गेला, ही आपली तक्रार बरोबर आहे. त्या वेळी मी तो परत घेऊन गरम करून द्यायला हवा होता. आता भरलेला जादा सिलिंडर कायम जोडून ठेवला आहे.’ एवढे पुरे. त्यात ‘तरीपण’ किंवा ‘परंतु आपणही’ असा एकही शब्द येऊ देऊ नका. पुढच्या वेळी मिसळ फुकट, असेही लिहू नका. क्षमेच्या शेजारी सवलत आली की क्षमा विकत घेतल्यासारखी दिसते, आणि अभिप्राय बदलावा म्हणून काही देऊ करणे गूगलच्या नियमांतही बसत नाही.

लक्षात घ्या, की हे उत्तर त्या एका ग्राहकासाठी जितके आहे तितकेच पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी आहे. नव्या ठिकाणी जाणारा माणूस चांगले अभिप्राय वरवर पाहतो आणि वाईट अभिप्राय उघडून नीट वाचतो, निदान मी तरी तसेच करतो. चूक झाल्यावर हा मालक कसा वागेल, हे त्याला तेथे दिसते.

कधी न आलेल्या अकरा जणांबाबत गूगलकडे नियमानुसार तक्रार नोंदवा. त्यांच्याखाली वाद घालू नका. हवे तर ‘आपण अद्याप आमच्याकडे आला नाहीत असे वाटते, एकदा जरूर या’ असे प्रत्येकाला लिहा, तेही एकसारख्या शब्दांत नको. मध्यंतरी एका दुकानाकडून मला फुटका डबा आला. मी मराठीत सविस्तर तक्रार लिहिली आणि तीन वेळा तेच ते इंग्रजी उत्तर आले, ज्यात ‘प्रिय ग्राहक’ होते, खेद होता, पण डबा हा शब्दच नव्हता. फुटलेल्या डब्याचा मला राग आला नव्हता. त्या तिसऱ्या उत्तराचा आला.

प्रश्न : आमचे लहान होमस्टे आहे. लिहिताना मराठी, कोकणी, हिंदी की इंग्रजी वापरावी? (फोंडा, गोवा)

उत्तर : ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तर द्यावे. स्वतःहून लिहिताना ज्या भाषेत तुम्ही चुकीची भीती न बाळगता विनोद करू शकता ती भाषा निवडावी. खोल्या, भाडे, रस्ता आणि जेवणाच्या वेळा तेवढ्या इंग्रजीतही लिहून ठेवा. मोठमोठी विशेषणे लावलेल्या इंग्रजी वर्णनापेक्षा ‘रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद होते, पण पेज उरलेली असते’ हे वाक्य कोणत्याही भाषेत जास्त माणसे आणील.

प्रश्न : मी एकटीच ब्लाउज शिवते. तुमच्यासारखे लोक सांगतात म्हणून मी प्रत्येकीशी नीट बोलते, तर रात्री अकरा वाजतासुद्धा नट्यांच्या ब्लाउजांची छायाचित्रे येतात. पन्नास जणी चौकशी करतात, चार-पाच जणी कापड आणून देतात. हे बोलणे परवडते का? आणि घरच्यांना फोनच लागत नाही, म्हणून दुसरा क्रमांक घेऊ का? (लातूर)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि माझ्यासारखे लोक ती सहसा ऐकून घेत नाहीत. संभाषणाला पैसे पडत नाहीत असे म्हटले जाते, पण तुमच्या बाबतीत त्याची किंमत मशिनवरून उठलेला पाय ही आहे.

दुकानाला शटर असते तसे बोलण्यालाही असले पाहिजे. व्हॉट्सॲप बिझनेस हे छोट्या व्यावसायिकांसाठीचे ॲप २०१८ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यात कामाच्या वेळा लिहिता येतात आणि त्या वेळांबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाते. ते उत्तर तुमच्या बोलण्यासारखे लिहा : ‘मी आता मशिनवर आहे. दुपारी तीन ते चार आणि रात्री आठ ते साडेआठ मी सगळे संदेश वाचून उत्तर देते.’ आणि मग रात्री अकरा वाजता उत्तर देण्याचा मोह टाळा. एकदा दिलेत की ती तुमची वेळ ठरते. त्याच ॲपमध्ये प्रत्येक ग्राहकाला खूणचिठ्ठी लावता येते. ‘माप घेतले’, ‘कापड आले’, ‘हुक बाकी’, ‘तयार’ अशा चार चिठ्ठ्यांनी ‘माझा ब्लाउज झाला का’ या प्रश्नांचा निम्मा भार कमी होईल, कारण ‘तयार’ची चिठ्ठी लावताच तुम्हीच आधी कळवाल. नेहमीच्या प्रश्नांसाठी तयार उत्तरे साठवण्याचीही सोय आहे. ती शिलाईच्या दरापुरती वापरा. गळा, बाही आणि अंगाची ठेवण यांबद्दल मात्र स्वतःच्या शब्दांत बोला. लांब लिहिण्याचा कंटाळा असेल तर आवाजात पाठवा.

नटीचे छायाचित्र आले की कापड कोणते आहे आणि अस्तर हवे का, हे दोनच प्रश्न आधी विचारा. जिला खरोखर शिवायचे आहे ती उत्तर देते. जे तुमच्याकडून होणार नाही ते पहिल्याच संदेशात नाही म्हणा; नाकारलेल्या कामाचा राग तुम्हाला वाटतो तितका कोणी धरत नाही, बिघडलेल्या ब्लाउजाचा मात्र दोन लग्नसराया धरतात.

पन्नासांतल्या चार-पाच जणींच्या हिशेबाबद्दल माझे मत वेगळे आहे. कापड आणून देणाऱ्या प्रत्येकीला ‘तुम्हाला माझ्याबद्दल कोणाकडून कळले?’ असे विचारा आणि वहीत तिच्या मापाशेजारी ते नाव लिहा. तीन महिन्यांनी ती वही उघडाल तेव्हा काही नावे पुन्हा पुन्हा दिसतील, आणि मला वाटते त्यांतल्या एखाद्या बाईने स्वतः तुमच्याकडे काहीच शिवलेले नसेल. तिने फक्त चौकशी केली होती आणि तुम्ही तिला नीट उत्तर दिले होते. असे एकही नाव सापडले नाही, तर बोलण्याचा वेळ बिनधास्त निम्मा करा.

दुसऱ्या क्रमांकाबद्दल : नवा फोन घेण्याची गरज नाही, नवे सिम पुरेल, कारण साधे व्हॉट्सॲप आणि बिझनेस हे दोन वेगवेगळ्या क्रमांकांवर एकाच फोनमध्ये चालतात. जुन्या संभाषणांची प्रत आधी जपून ठेवा आणि मग जुना क्रमांक बिझनेसवर न्या. नवा क्रमांक ग्राहकांना देऊ नका, घरच्यांना द्या. जुना क्रमांक लातूरमधल्या कितीतरी फोनांत ‘ब्लाउजवाल्या ताई’ या नावाने आधीच सेव्ह आहे.